फाशांभोवती : गेम अवघड हवा, पण किती?

या महिन्यात आलेली पत्रं वाचताना लक्षात आलं की निम्म्याहून जास्त लोकांचा प्रश्न एकच आहे, फक्त विचारण्याची तऱ्हा वेगळी. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं आणि काय जमलं ते फाशांवर ठरवायचं) चालवतोय, खेळणाऱ्यांचा कस पण लागला पाहिजे आणि मजा पण आली पाहिजे, दोन्ही एकदम कसं जमवायचं? म्हणून यावेळी नियमांच्या शंका बाजूला ठेवल्यात आणि फक्त याच विषयाची पत्रं घेतलीत. बहुतेक जण डन्जन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी एडिशन खेळतायत त्यामुळे आकडे तिथले आहेत, पण दुसरी सिस्टिम खेळत असाल तरी वाचा, दुखणं सगळीकडे तेच असतं.

प्रश्न : ताई, मी पहिल्यांदाच डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारा) झालो. चार मित्रमैत्रिणी, सगळे पहिल्या लेव्हलचे. पहिल्याच एन्काउंटरला (मारामारीच्या प्रसंगाला) जंगलात सहा गॉब्लिन, म्हणजे छोटे राक्षस, दबा धरून बसवले. एका गॉब्लिनचं चॅलेंज रेटिंग (राक्षस किती अवघड त्याचा आकडा) पाव, म्हणजे सहांचं मिळून दीड, आणि हे तर चार जण, मला वाटलं आरामात मारतील. तिसऱ्या राउंडला (सगळ्यांची एकेक टर्न झाली की एक राउंड) चौघेही आडवे. एका मैत्रिणीने आपल्या विझार्डची (जादूगारणीची) अख्खी कहाणी लिहून आणली होती, तिची एकदाही टर्न आली नाही. आता पुढच्या सेशनचं कोणी नावच काढत नाही. माझं नक्की काय चुकलं?

उत्तर : अरे, आधी मनाला लावून घेऊ नकोस, पहिल्या लेव्हलला पार्टी मारून बसलेले डीएम मी पुष्कळ पाहिलेत आणि त्यातले बरेच आज छान गेम चालवतात. पण तुझ्या हिशोबात गडबड आहे ती आधी बघू, कारण ती सगळ्यांकडून होते. चॅलेंज रेटिंगची अशी बेरीज करता येत नाही. तू २०१४ची पुस्तकं वापरतोयस असं धरते. त्यात एका गॉब्लिनचे ५० एक्सपी (त्याला हरवल्याचे अनुभव-गुण), सहांचे ३००, आणि मॉन्स्टर तीन ते सहा असतील तर अवघडपणा मोजताना ते दुप्पट धरायचे, म्हणजे ६००. पहिल्या लेव्हलच्या चौघांसाठी ‘डेडली’ची (जीवघेण्या मारामारीची) रेघ आहे ४००वर. तू तिच्या दीडपट वर गेलास. दुप्पट का धरायचे, तर सहा जण म्हणजे दर राउंडला सहा वार आणि तुझ्या लोकांचे चारच, एकट्या मोठ्या राक्षसापेक्षा घोळका जास्त भारी पडतो तो यामुळेच.

त्यात तू त्यांना दबा धरून बसवलंस. जरा त्या विझार्डच्या बाजूने बघ. तिची एचपी (अंगात किती जीव उरलाय तो आकडा) आठच्या आसपास, गॉब्लिनचा बाण सरासरी साडेपाच घेतो, म्हणजे दोन बाण लागले की ती खाली. २०१४च्या नियमात बेसावध पकडलेल्याला पहिल्या राउंडला काहीच करता येत नाही, गॉब्लिन लपलेले म्हणून त्यांच्या नेमाला दोन फाशांतला चांगला धरायचा, म्हणजे अ‍ॅडव्हान्टेज, आणि इनिशिएटिव्ह (कोणाची टर्न आधी ते ठरवणारा रोल) जर त्यांचा वर आला तर दुसऱ्या राउंडलाही तेच आधी. एकूण बारा बाण सुटून जातात आणि समोरचे चौघे अजून नुसते बसलेत. ती बिचारी काय करणार होती?

आता गंमत बघ, याच गेमच्या २०२४च्या नव्या गाइडमध्ये (डीएमच्या पुस्तकात) हा गुणाकारच काढून टाकलाय, त्या हिशोबाने तेच सहा गॉब्लिन ३०० एक्सपीचे, आणि चौघांसाठी ३०० म्हणजे मध्यम. दबा धरण्याचा नियमही सौम्य झालाय, बेसावध असलेल्याला इनिशिएटिव्हच्या रोलवर दोन फाशांतला वाईट धरायचा, म्हणजे डिसअ‍ॅडव्हान्टेज, बस. म्हणजे एका पुस्तकात जी मारामारी जीवघेणी ती दुसऱ्यात मधली. तेव्हा आकडे बघायचे, जरूर बघायचे, पण तो अंदाज आहे हे धरून चालायचं.

पण माझ्या मते तुझी खरी चूक आकड्यांची नाहीच. त्या चौघांना काही ठरवायलाच मिळालं नाही, ही चूक आहे. समज तू सांगितलं असतंस की पुढे वाट अरुंद होतेय, पक्षी एकदम गप्प झालेत, चिखलात लहान अनवाणी पावलांचे ताजे ठसे आहेत आणि डावीकडच्या झाडाला कोणीतरी नवीकोरी दोरी बांधून ठेवलीय. एवढंच. मग कोणी म्हणालं असतं वळसा घालू, कोणी म्हणालं असतं मी पुढे जाऊन बघते, कोणी म्हणालं असतं चला घुसू. त्यानंतर हरले असते तरी ते त्यांचं हरणं असतं, घरी जाताना ‘आपण वळसा घालायला हवा होता यार’ म्हणत भांडले असते आणि पुढच्या सेशनला हजर झाले असते. धोका आधी दिसला पाहिजे, कमीत कमी त्याचं शेपूट तरी. मी या सदरात दुसरं काही सांगितलं नाही तरी हे एवढं सांगेन.

आणि अजून काही गेलेलं नाही. शून्य एचपी म्हणजे मरण नव्हे, आणि गॉब्लिनांना मेलेल्या विझार्डपेक्षा जिवंत कैदी जास्त उपयोगाचे. सगळ्यांना सरळ सांग की हिशोब माझा चुकला होता, आणि विचार की चालेल का तिथूनच पुढे खेळायला. चौघे शुद्धीवर येतात, हात बांधलेले, गुहेत ओल आणि धूर, आणि समोर गॉब्लिनांचा म्होरक्या त्या विझार्डचं स्पेलबुक उलटं धरून वाचायचा प्रयत्न करतोय, त्याला अक्षर लागत नाहीये आणि त्याला एक वाचून दाखवणारी हवीय. पहिली टर्न तुझ्या मैत्रिणीला दे.

प्रश्न : मी स्क्रीनमागे (डीएमच्या पुढ्यातल्या आडोशामागे) फासे टाकते आणि गरज पडली की आकडा बदलून सांगते. कोणी मरायला आलं की क्रिटचा (जबर वाराचा) साधा हिट करते, मारामारी फारच सोपी झाली की मॉन्स्टरची एचपी हळूच वाढवते. सगळे खूश असतात. पण हल्ली मलाच मजा येत नाही. यात काही गैर आहे का?

उत्तर : गैर म्हणणार नाही, तुम्ही ते त्यांच्या आनंदासाठीच करताय. पण मजा येत नाही म्हणताय ना, त्याचं कारण मला ठाऊक आहे कारण मी स्वतः तीन वर्षं हेच केलं. एकदा सेशन संपल्यावर सामान आवरताना एकाने मला अगदी साधेपणाने विचारलं, “ताई, आपण कधी खरंच मेलो असतो का?” मला उत्तर देता आलं नाही. त्याला कळलं होतं. आणि एकदा कळलं की मागच्या सगळ्या विजयांची हवा जाते, जो ट्रोल राक्षस आपण जीव मुठीत धरून मारला तो आपण मारलाच नव्हता, तो ताईने मारू दिला होता.

त्यानंतर मी स्क्रीन काढली आणि मारामारीतले सगळे रोल सर्वांसमोर टाकायला लागले. दुसऱ्या-तिसऱ्या सेशनलाच आमच्यातला ‘रोग’, म्हणजे चोराचं पात्र खेळणारा गडी, शून्य एचपीवर गेला. डेथ सेव्ह तुम्हाला माहितीय, वीसच्या फाशावर दहा किंवा वर आलं की पास, तीन पास की वाचला, तीन नापास की संपला. त्याचे दोन पास दोन नापास झाले होते. त्याने फासा हातात घेतला आणि बराच वेळ टाकलाच नाही. मग टाकला, तो गडगडत त्याच्या कॅरेक्टर शीटच्या कडेला अडला, क्षणभर कोणालाच दिसेना कुठला आकडा आहे, सगळे वाकले. अकरा. जो आरडाओरडा झाला तो मी त्या तीन वर्षांत एकदाही ऐकला नव्हता. दहाला पास आहे, म्हणजे ५५ टक्के शक्यता, काही मोठी गोष्ट नाही, पण ते खरं होतं आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

आता तुम्ही म्हणाल मग मारामारी हाताबाहेर गेली तर काय करायचं. फाशाला हात न लावता करण्यासारखं खूप आहे. जे मॉन्स्टर अजून दारातून आत आलेले नाहीत ते येऊ देऊ नका, त्यांची संख्या अजून कोणालाच सांगितलेली नाही. मॉन्स्टरला काहीतरी हवं असू द्या, ते मिळालं की तो निघून जाईल. आणि पळू द्या हो त्यांना! डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या १९८१च्या बेसिक सेटमध्ये यासाठी सरळ नियमच होता, प्रत्येक मॉन्स्टरला मोराल (हिंमत) म्हणून एक आकडा, त्यांचा पहिला गडी पडला की आणि पुन्हा निम्मे पडले की दोन सहाचे फासे टाकायचे, त्या आकड्याच्या वर आलं की ते पळाले किंवा शरण आले. मी हा नियम अजूनही वापरते, मारामाऱ्या पटकन संपतात आणि शेवटचा गॉब्लिन मरेपर्यंत चाललेली ती कंटाळवाणी कापाकापी वाचते. आणि चूक खरंच तुमची असेल, समजा डॅमेज चुकीचं वाचलंत, तर मोठ्याने सांगा, “माझं चुकलं, आठ एचपी परत घे.” याने कोणाचा विरस होत नाही. लपवलेलं कळलं तर होतो.

प्रश्न : आमच्यात एकजण नेटवरून बिल्ड (पात्र तगडं करायची तयार रचना) शोधून आणतो. त्याचा आर्मर क्लास (वार लागायला जेवढा आकडा यावा लागतो तो) २०, बाकी तिघांचा १३च्या आसपास. त्याला कोणी मारूच शकत नाही. त्याला लागावं म्हणून मॉन्स्टर तगडे केले तर बाकीचे मरतात, नाही केले तर तो जांभया देतो. त्याला काढून टाकू का?

उत्तर : नका हो काढू. आधी तुम्ही जे करताय त्याचा हिशोब बघा म्हणजे ते का फसतंय ते दिसेल. +४वाला (वीसच्या फाशात चार मिळवणारा) मॉन्स्टर २०च्या आर्मर क्लासवर वार करतो तेव्हा त्याला १६ किंवा वर लागतं, म्हणजे २५ टक्के. १३ वाल्यावर ९ किंवा वर, म्हणजे ६० टक्के. आता तुम्ही चिडून मॉन्स्टरला +९ दिलेत. चिलखतवाल्याला ५० टक्के लागायला लागलं, जरा बरोबरीचं झालं. पण बाकीच्या तिघांना? ८५ टक्के. तुम्ही शिक्षा एकाला करायला गेलात आणि झोडपले तिघे गेले. ही स्पर्धा आकड्यांनी जिंकता येतच नाही.

आणि मला मनापासून वाटतं की ती जिंकूही नये. त्याने अभेद्य चिलखत निवडलंय म्हणजे तो तुम्हाला सांगतोय की मला पुढे उभं राहून सगळ्यांचे वार झेलायचेत. मग द्या की त्याला ती संधी! अरुंद पूल, मागून गावकरी पळतायत, समोरून वीस जण येतायत आणि हा एकटा मधे उभा. वार वाजतायत, लागत नाहीयेत, तो खूश. त्याच वेळी पुलाच्या दुसऱ्या टोकाला दोर जळायला लागलेत, तिथे चिलखताचा काही उपयोग नाही, तिथे जो चपळ आहे त्याने जायचं, आणि शत्रूच्या सेनापतीशी बोलणी करायला बार्डच (गाणारं-बोलणारं पात्र) लागणार. प्रत्येकाला आपलं काम. अधूनमधून असेही धोके आणा जे आर्मर क्लास विचारतच नाहीत, बरीच जादू सेव्हिंग थ्रो (तिच्यातून वाचण्याचा रोल) मागते, धूर आणि पाणी चिलखताला जुमानत नाहीत. पण हे दर सेशनला केलंत तर त्याला कळेल की तुम्ही त्याच्या पाठीमागे लागलाय, तेव्हा तीनचारदा चिलखत कामी आलं की एकदा नाही, असं ठेवा.

आणि एकदा बाजूला घेऊन बोला त्याच्याशी. रागाने नाही, सरळ. “तुला नियम इतके छान येतात, बाकीच्यांना त्यांची कॅरेक्टर नीट बसवायला मदत करशील का?” असं विचारा. मला दोनदा या एका वाक्याने सुटका मिळालीय. फक्त दुसऱ्याच्या टर्नला त्याने खेळू नये, तिथे मात्र ठाम राहा.

प्रश्न : मी एक रहस्यकथा चालवतेय. पार्टीने खोली शोधली, रोल फसला, पत्र सापडलंच नाही. तासभर सगळे नुसते फिरत होते. आता काय?

उत्तर : पत्र देऊन टाक. ज्याच्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही त्याला रोल लावूच नये. गेम डिझायनर रॉबिन लॉज यांनी गमशू नावाची सिस्टिम याच एका विचारावर उभी केलीय, २००७पासून आहे ती, त्यात योग्य जागी योग्य कौशल्य असलेला माणूस पोचला की मुख्य धागा मिळतोच, कस लागतो तो त्या धाग्याचा अर्थ लावताना. रोल लावायचाच असेल तर किमतीवर लाव, पत्र सापडलं पण शोधताना आवाज झाला आणि जिन्यावर पावलं वाजतायत. शिवाय कळायलाच हवी अशी गोष्ट तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायची, दोन तर ते हमखास चुकवतात.

प्रश्न : सहा महिने कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी एकच गोष्ट) चालवलं, शेवटचा ड्रॅगन अडीच राउंडमध्ये मेला. सगळे एकमेकांकडे बघत बसले. मला रडू यायचं बाकी होतं.

उत्तर : वाचूनच वाईट वाटलं, सहा महिन्यांची तयारी असते ती. दोन गोष्टी तपासा. त्या दिवशी ड्रॅगनच्या आधी किती मारामाऱ्या झाल्या? एकही नसेल तर इथेच उत्तर आहे. २०१४च्या गाइडने पार्टी एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा अवघड एन्काउंटर झेलू शकते असं धरलंय, आणि तुमच्या लोकांनी ताज्यातवान्या अंगाने सगळे मोठे स्पेल एकावर रिकामे केले. आठ नको, कोणाकडे वेळ असतो एवढा, पण ड्रॅगनपर्यंत पोचताना दोन-तीनदा तरी खर्च करायला लावा, आणि मधे झोपायला वेळ नाही अशी घाई असू द्या.

दुसरं, एकटा ड्रॅगन विरुद्ध चौघे किंवा पाच जण. त्याची एक टर्न झाली की यांच्या चार-पाच. मोठ्या ड्रॅगनला म्हणूनच राउंडला तीन जादा चाली, म्हणजे लेजेंडरी अ‍ॅक्शन दिलेल्या असतात, दुसऱ्यांची टर्न संपली की वापरायच्या, आणि दिवसातून तीनदा फसलेला सेव्ह पास करून घेण्याची सोय असते. गडबडीत या विसरल्या जातात, मी स्वतः विसरलेय. आता मी तीन बटणं समोर मांडून ठेवते आणि एकेक वापरली की सरकवते. त्याला उडू द्या, बोलू द्या. आणि लढाईत मारण्याशिवाय दुसरंही काहीतरी पणाला लागलेलं असू द्या, छत कोसळतंय, अंडी फुटायला आलीत, कोणीतरी आत अडकलंय. मग ड्रॅगन तीन राउंडमध्ये मेला तरी सेशन संपत नाही.

प्रश्न : मी डीएम नाही, खेळते. माझी क्लेरिक (पुजारिणीचं पात्र) मेली. दोन आठवडे झाले, अजून वाईट वाटतंय. टेबलवर म्हणाले, गेमच तर आहे.

उत्तर : वाईट वाटणारच गं. किती सेशन तू तिच्या आवाजात बोलली असशील. तुझ्या डीएमला हे सांग, तक्रार म्हणून नाही, आणि विचार की पुढच्या सेशनला तिच्यासाठी थोडा वेळ देता येईल का, तिची ढाल कोण घेणार, तिच्या देवळात बातमी कोण नेणार. आम्ही एकदा अख्खं सेशन असं केलं, एकही फासा पडला नाही आणि आजही सगळ्यांना तेच आठवतं. आणि जे डीएम वाचतायत त्यांना सांगते, कॅरेक्टर मरू शकतं का, किती सहज, आणि कोणते विषय या टेबलवर नकोत, हे सगळं सेशन झीरोलाच (खेळ सुरू करण्याआधीच्या बैठकीतच) बोलून घ्या. ज्याला मरण नको असेल त्याच्यासाठी हात जाणं, वचन मोडणं, नाव बदनाम होणं असल्या किमती आहेत. त्याही पुरेशा जड असतात.

प्रश्न : खेळणाऱ्यांना मजा येतेय की नाही हे ओळखायचं कसं? विचारलं तर सगळे ‘मस्त’ म्हणतात.

उत्तर : ‘मजा आली का’ विचारू नका, त्याला मस्तशिवाय दुसरं उत्तर नसतं. ‘आज कुठल्या वेळी काय करावं ते कळेना?’ हे विचारा आणि ‘कुठे वाटलं की आपण काहीही केलं तरी तेच झालं असतं?’ हे विचारा. दुसऱ्याचं उत्तर वहीत लिहून ठेवा, तिथे तुम्हाला दुरुस्ती करायचीय. आणि खेळ चालू असताना स्वतः दोन मिनिटं गप्प बसून बघा. ते जर तुमच्याकडे न बघता एकमेकांशी बोलायला लागले, नकाशावर बोट ठेवून ‘तू इकडून जा, मी त्याला बोलण्यात गुंतवतो’ असं चाललं असेल, तर मधे काही बोलू नका. चहूबाजूंनी घेरले गेले असले तरी. त्यांचं ठरलं की ते स्वतःच तुमच्याकडे वळतील.